नाव, बाप आणि शेतवाडी : मेरियॉनेथ परगण्यातील मृत सैनिकांच्या स्मृतिशिला

युद्धात पडलेल्या सामान्य शिपायाचे नाव दगडावर कोरून ठेवण्याची प्रथा समजली जाते तितकी प्राचीन नाही. आपल्याकडील वीरगळ पाहिले तर त्यांवर लढाईचा प्रसंग, अप्सरांच्या सोबतीने होणारे वीराचे स्वर्गारोहण आणि शिवलिंगाचे पूजन हे सारे खोदलेले आढळते. परंतु महाराष्ट्रातील बहुसंख्य वीरगळांवर एक अक्षरही नसते. ज्या गावासाठी तो दगड उभा केला त्या गावाला नाव ठाऊकच होते, म्हणून ते लिहिण्याची गरज भासली नाही. युरोपातही दीर्घकाळपर्यंत विजयस्तंभावर सेनापतीचे नाव येई आणि शिपाई संख्येने मोजले जात. १८१८ च्या लढाईनंतर कोरेगाव येथे उभारलेल्या स्तंभावर शिपायांची नावे आहेत, ती अपवादात्मकच म्हटली पाहिजेत. आणि त्यांतील 'नाक' प्रत्ययाने संपणाऱ्या नावांवरूनच महार शिपाई कोणते हे ओळखता येते, ही गोष्ट नावाच्या घटनेत किती इतिहास दडलेला असतो याची साक्ष देते. १९१४-१८ च्या महायुद्धानंतर मात्र प्रत्येक मृताचे नाव लिहिले गेलेच पाहिजे, हे तत्त्व ब्रिटनमध्ये सर्वमान्य झाले. तत्त्व ठरले की प्रश्न सुटला असे नव्हे. नाव म्हणजे नेमके काय, हा भाषेच्या अभ्यासकाचा प्रश्न तेथून पुढे सुरू होतो. वेल्समधील मेरियॉनेथ या ग्रामीण परगण्यात तो जितक्या स्पष्टपणे दिसतो तितका क्वचितच अन्यत्र दिसेल.

मेरियॉनेथ हा वेल्सच्या वायव्य भागातील डोंगराळ परगणा. वेल्श भाषेत त्याला 'मैरियॉनिद' म्हणतात. १९७४ च्या पुनर्रचनेत त्याचे प्रशासकीय अस्तित्व संपले आणि त्याचा बहुतेक भाग ग्विनेद या नव्या परगण्यात समाविष्ट झाला. १९११ च्या शिरगणतीत त्याची लोकसंख्या सुमारे ४५ हजार होती, आणि दहांतील नऊ माणसे वेल्श बोलणारी होती. इंग्रजी मुळीच न जाणणाऱ्यांचे प्रमाणही येथे मोठे होते. ब्लाइनाय फेस्टिनियॉग येथील पाटीच्या दगडाच्या खाणी सोडल्या, तर मेंढपाळी आणि डोंगरउतारावरील तुटपुंजी शेती हाच लोकांचा आधार. वस्ती विखुरलेली असे. गाव म्हणजे एखादे चॅपेल, शाळा, दोनचार दुकाने, आणि मग मैल मैल अंतरावर एकेक शेतवाडी. येथे शेतवाडी हा शब्द एकाच कुटुंबाचे घर, गोठा आणि त्याभोवतालची जमीन या अर्थाने योजला आहे. अशा प्रत्येक वाडीला स्वतःचे नाव असे आणि ते बहुधा तेथे राहणाऱ्या कुटुंबापेक्षा जुने असे. कुटुंब बदलले तरी वाडीचे नाव बदलत नसे.

या परगण्यातील माणसांच्या आडनावांकडे पाहिले असता प्रथमदर्शनी चकित व्हावयास होते. जोन्स, एव्हन्स, रॉबर्ट्स, विल्यम्स, ओवेन, प्यू अशा मोजक्या आडनावांत बहुसंख्य लोक सामावलेले दिसतात. याचे कारण ऐतिहासिक आहे. जुन्या वेल्श समाजात आडनाव नव्हतेच. अमुक 'अप' अमुक, म्हणजे अमुकाचा मुलगा, असा पितृनामाचा क्रम चाले आणि मनात आणले तर माणूस सहासात पिढ्या मागे जाऊन आपली ओळख सांगू शके. १५३६ व १५४३ च्या कायद्यांनी वेल्सचे इंग्लंडशी एकीकरण झाले, न्यायालयाची भाषा इंग्रजी झाली, आणि इंग्रज कारकुनाला स्थिर आडनाव हवे होते. मग 'अप हिउ' चे प्यू झाले, 'अप रीस' चे प्राइस झाले, 'अब ओवेन' चे बोवेन झाले. आणि ज्यांच्या बापाचे नाव जॉन, इव्हान वा रॉबर्ट होते त्यांच्या नावामागे इंग्रजी षष्ठीचा सकार लागून जोन्स, एव्हन्स, रॉबर्ट्स ही आडनावे सिद्ध झाली. उच्च कुळांत हा बदल लवकर झाला. वायव्येकडील डोंगरी मुलखात सामान्य लोकांमध्ये पितृनामाची रीत पुढे शतक दोन शतके रेंगाळली. बाप्तिस्म्याची नावेही थोडीच प्रचलित असल्यामुळे परिणाम असा झाला की एकाच पॅरिशमध्ये जॉन जोन्स नावाची पाचदहा माणसे असणे यात कोणालाच नवल वाटत नसे. आडनाव कायद्याला पुरत होते. शेजाऱ्याला ते निरुपयोगी होते. शेजारी माणसाला ओळखत तो त्याच्या वाडीच्या नावाने.

सैन्यात ही अडचण ताबडतोब उद्भवली. वेल्श पलटणींमध्ये शिपायांना त्यांच्या क्रमांकातील अखेरच्या आकड्यांनी हाक मारण्याची पद्धत पूर्वीपासूनच होती. १८७९ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील रोर्क्स ड्रिफ्ट येथील लढाईत दोन जोन्स व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी ठरले, आणि ५९३ व ७१६ या त्यांच्या क्रमांकांनीच त्यांना वेगळे ओळखले गेले. वाडीच्या नावाची जागा आकड्याने घेतली, असे याचे वर्णन करता येईल. भाषेचा प्रश्न याहून नाजूक होता. युद्धाच्या आरंभी काही ठिकाणी वेल्श शिपायांना कवायतीच्या मैदानावर आणि मुक्कामातही आपली भाषा बोलण्यास मनाई झाली. ऑक्टोबर १९१४ मध्ये लॉइड जॉर्ज यांनी हा विषय मंत्रिमंडळात काढला आणि त्यावरून त्यांचा किचनर यांच्याशी तीव्र खटका उडाला. लॉइड जॉर्ज स्वतः वेल्शभाषी, आणि वेल्श सैन्यदलाची उभारणी व्हावी हा त्यांचा ध्यास. तेव्हा मातृभाषेत बोलू न देता मातृभूमीच्या नावाने भरती करण्यातील विसंगती त्यांना दिसली नसती तरच आश्चर्य.

मेरियॉनेथची भूमी भरतीला विशेष अनुकूल नव्हती. चॅपेलच्या धर्मजीवनात शांततेच्या तत्त्वाला मोठे स्थान होते आणि शिपाईगिरीकडे कुलीन शेतकरी कुटुंबे साशंकतेने पाहत. उत्तर वेल्समध्ये एकीकडे रेव्हरंड जॉन विल्यम्स यांच्यासारखे नामवंत धर्मोपदेशक गणवेश चढवून भरतीचा प्रचार करीत होते, तर दुसरीकडे बँगर येथून टॉमस रीस यांच्या संपादकत्वाखाली १९१६ पासून १९१९ पर्यंत युद्धविरोधी वेल्श मासिक निघत होते. दोन्ही पक्षांचा आधार बायबलच होता. १९१६ च्या आरंभी सक्तीच्या भरतीचा कायदा झाला आणि वादाला व्यवहारात फारसा अर्थ उरला नाही. शेतीवर किती मुलगे आवश्यक आणि किती सोडता येतील, याचा निवाडा आता न्यायमंडळे करू लागली. आईबापांनी कोणत्या मुलाचे नाव पुढे करावयाचे, हा प्रश्न अनेक वाड्यांच्या स्वयंपाकघरात बसून सोडवला गेला असला पाहिजे. त्याची कागदपत्रे कोठेही नसतात.

मृतांच्या स्मरणाची अधिकृत व्यवस्था मे १९१७ मध्ये राजसनदेने स्थापन झालेल्या इंपीरियल वॉर ग्रेव्ह्ज कमिशनकडे आली. तिची दोन तत्त्वे ध्यानात ठेवण्याजोगी आहेत. पहिले, कोणाचाही देह मायदेशी आणावयाचा नाही. दुसरे, अधिकारी आणि शिपाई, श्रीमंत आणि गरीब यांच्या थडग्यांत भेद ठेवावयाचा नाही. दगडाचा आकार एक, त्यावरील मजकुराचा क्रमही एक. पलटणीचे चिन्ह, क्रमांक, हुद्दा, नाव, मृत्युदिन. तळाशी कुटुंबाला स्वतःचे शब्द घालण्याची मुभा होती, मात्र मोकळ्या जागा धरून ६६ अक्षरांच्या मर्यादेत, आणि अक्षरी साडेतीन पेनी या दराने. पुढे हे शुल्क ऐच्छिक झाले. समतेचे हे तत्त्व उदात्तच होते. पण ज्या परगण्यात आडनाव माणसाला वेगळे काढीत नाही, तेथील मनुष्य या एकसारख्या दगडांच्या रांगेत आणखीच हरवला जाण्याचा संभव होता. ती ६६ अक्षरे हीच काय ती त्याची स्वतःची जागा.

देह परत येणार नाही हे ठरल्यावर गावोगावच्या स्मारकांना वेगळेच महत्त्व आले. शोकाला बसण्यासाठी तेवढीच जागा उरली. १९२० च्या सुमारास मेरियॉनेथच्या गावांत, चॅपेलांत आणि शाळांत स्मृतिशिला उभ्या राहिल्या. त्यांचा मजकूर कमिशनने नव्हे, तर स्थानिक समित्यांनी ठरविला. आणि येथे वेल्श ग्रामीण समाजाने आपली रीत न बोलता पुढे आणली. वेल्समधील अनेक ग्रामीण स्मारकांवर मृताच्या नावापुढे त्याच्या वाडीचे नाव कोरलेले आढळते. हुद्दा गाळलेला चालतो, पलटण गाळलेली चालते. वाडी गाळता येत नाही, कारण ती गाळली तर गावकऱ्याला हा जॉन जोन्स कोणता ते कळणारच नाही. कमिशनच्या दगडावरील आकडा आणि गावच्या दगडावरील वाडी ही एकाच गरजेची दोन उत्तरे होत. पहिले लष्करी कार्यालयाच्या वाचकासाठी आहे, दुसरे शेजाऱ्यासाठी.

एकाच माणसाच्या बाबतीत नावांचा हा गुंता किती वाढू शकतो याचे उदाहरण म्हणून ट्राउसव्हनिद या गावाच्या एलिस हम्फ्री एव्हन्स याचा विचार करणे इष्ट होईल. गावाचे नावच व्याकरणाचा धडा आहे : 'ट्राउस' म्हणजे पलीकडे आणि 'मनिद' म्हणजे डोंगर, समासात मकाराचा वकार होऊन 'व्हनिद' हे मृदुरूप येते. एलिसचा जन्म १३ जानेवारी १८८७ चा. बापाचे नाव इव्हान एव्हन्स, म्हणजे नाव आणि आडनाव मुळात एकच शब्द. अकरा भावंडांत तो थोरला. अस्गुर्न या वाडीवर तो मेंढ्या राखी आणि कविता करी. १९१० मध्ये त्याला 'हेद विन' हे कविनाम मिळाले : 'हेद' म्हणजे शांती, आणि 'विन' हे 'ग्विन' म्हणजे शुभ्र किंवा पुनीत या विशेषणाचे मृदुरूप. लढाईत पडलेल्या माणसाचे कविनाम शांती असावे, हा योगायोग पुढे पुष्कळांनी भावुकतेने रंगविला आहे. तो योगायोगच होता. नाव युद्धापूर्वीचे आहे.

सक्तीच्या भरतीत अस्गुर्नच्या वाट्याला एक मुलगा देणे आले, तेव्हा धाकट्या भावाऐवजी एलिस गेला. लिव्हरपूलजवळील लिदरलंड येथे शिक्षण झाले. मार्च १९१७ मध्ये नांगरणीसाठी शेतकरी शिपायांना रजा देण्यात आली, त्या सात आठवड्यांत घरी राहून त्याने आपल्या दीर्घ कवितेचे बरेचसे काम केले. तिचे नाव 'अर् आरुर', अर्थात 'वीर'. जूनमध्ये तो रॉयल वेल्श फ्युझिलियर्सच्या १५ व्या बटालियनमध्ये फ्रान्सला गेला. जुलैच्या मध्यावर ती कविता त्याने तेथूनच राष्ट्रीय आइस्तेद्वोदच्या स्पर्धेसाठी टपालाने पाठविली. नियमाप्रमाणे टोपणनाव आवश्यक होते; त्याने 'फ्लर-द-ली' हे फ्रेंच नाव घेतले. ३१ जुलै १९१७ रोजी, पासंडालच्या लढाईच्या पहिल्याच दिवशी, पिल्कम टेकडीवर तो मारला गेला.

आइस्तेद्वोद ही वेल्श लोकांची काव्य-संगीताची वार्षिक सभा. तीत छंदोबद्ध दीर्घकाव्याच्या विजेत्या कवीला कोरीव आसन देण्यात येते. त्या वर्षी ती बर्कनहेड येथे भरली होती. ६ सप्टेंबर रोजी लॉइड जॉर्ज यांच्या उपस्थितीत कर्णे वाजले आणि 'फ्लर-द-ली' याला उभे राहण्याचे आवाहन झाले. ते पुन्हा आणि पुन्हा करण्यात आले. कोणी उठले नाही. मग मुख्य पुरोहिताने कवी काही आठवड्यांपूर्वीच रणात पडल्याचे जाहीर केले आणि आसनावर काळे वस्त्र पांघरण्यात आले. ते आसन कोरणारा कारागीर बेल्जियममधून आलेला निर्वासित होता, आणि कवीही बेल्जियमच्याच मातीत पडला होता. 'काळे आसन' या नावाने ते आजही अस्गुर्नच्या घरात ठेवलेले आहे.

या माणसाचे बेल्जियममधील थडगे पाहिले असता वर सांगितलेला सर्व वाद एका दगडावर उतरलेला दिसतो. नियमाप्रमाणे प्रथम त्यावर ६१११७ हा क्रमांक आणि एव्हन्स हे नाव होते. वेल्समध्ये या नावाने त्याला कोणी शोधले नसते. कमिशनकडे अर्ज गेला, आणि तळाशी 'अ प्रिवार्द हेद विन', म्हणजे 'कविश्रेष्ठ हेद विन', ही पदे वाढविण्यात आली. 'प्रिवार्द' मध्येही 'बार्द' या शब्दाच्या बकाराचा वकार झालेला आहे; इंग्रजी लष्कराच्या सारख्या रांगेत वेल्श व्याकरणाची ही छोटी मुद्रा उठून दिसते. गावातील पुतळ्याविषयी तर गावाने अधिक ठाम निर्णय घेतला. १९२३ मध्ये ट्राउसव्हनिद येथे मेरीफील्ड या शिल्पकाराने केलेल्या कांस्यपुतळ्याचे अनावरण कवीच्या आईने केले. पुतळा शिपायाचा नाही, मेंढपाळाचा आहे. गणवेश नाही, शस्त्र नाही. खालच्या ओळी त्याच्या स्वतःच्याच आहेत, पण त्या त्याने स्वतःसाठी लिहिल्या नव्हत्या. युद्धात पडलेल्या एका मित्रासाठी लिहिल्या होत्या.

प्रसिद्ध माणसाला अर्ज करणारे मिळतात. इतरांचे काय झाले, हे पाहण्यासाठी बँगर येथील १९२३ च्या स्मारकाकडे वळावे लागते. उत्तर वेल्समधील तत्कालीन सहा परगण्यांतील ८,५०० हून अधिक मृतांची नावे तेथे लाकडी फलकांवर परगणावार आणि पॅरिशवार लिहिलेली आहेत. तेथे मेरियॉनेथच्या फलकांपुढे उभे राहिले की मोजक्या आडनावांची तीच तीच आवर्तने डोळ्यांपुढून जातात. पॅरिशची विभागणी नसती तर ही यादी जवळजवळ अवाच्य झाली असती. यादी करणाऱ्यांनी स्थलनामाचा आधार घेतला तो उगीच नव्हे.

मराठी वाचकाला या गोष्टीत परकेपणा वाटण्याचे कारण नाही. सातारा किंवा रत्नागिरी जिल्ह्यातून त्याच युद्धात गेलेल्या मराठा पलटणींच्या शिपायांत शिंदे, जाधव, मोरे, पवार, कदम ही आडनावे अशीच वारंवार येतात, आणि बापाचे नाव व गाव सांगितल्यावाचून माणूस सिद्ध होत नाही. कमिशनच्या छापील नोंदवह्यांत अशा अनेक शिपायांपुढे बापाचे किंवा पत्नीचे नाव, गाव, तालुका आणि जिल्हा दिलेला आढळतो. पण दगडाची कथा निराळी झाली. फ्रान्समधील नव्ह शापेल येथील १९२७ च्या स्मारकावर ४,७०० हून अधिक हिंदी नावे कोरलेली आहेत. मेसोपोटेमियात मात्र, जेथे १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणींनी कुट-अल-अमाराचा १४७ दिवसांचा वेढा सोसला, तेथील मृतांसाठी बसरा येथे १९२९ मध्ये उभारलेल्या स्मारकावर हिंदी अधिकाऱ्यांची नावे आली आणि सामान्य शिपायांची केवळ पलटणवार संख्या आली. नोंदवही होती, तिच्यात नावे होती, पण भिंतीवर नव्हती. मुंबई इलाख्यातील कित्येक खेड्यांत बसविलेल्या शिळांवरही गावातून इतके गेले व त्यांतील इतके मृत्यू पावले, एवढे आकडेच आहेत. कमिशनने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चौकशी अहवालात हा भेद कबूल केला : ४५ ते ५४ हजार मृतांचे स्मरण असमान रीतीने झाले, आणि किमान १ लाख १६ हजारांचे नावाने झालेच नाही अथवा मुळीच झाले नाही, ही दुसरी संख्या साडेतीन लाखांपर्यंतही असू शकेल.

समतेचे तत्त्व तेच, आणि संस्थाही तीच. भेद केवळ वंशाच्या पूर्वग्रहातून आला असे म्हणून थांबता येईल, आणि ते खोटेही होणार नाही. पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट दिसते. बसऱ्याच्या भिंतीपुढे शिपायाचा शेजारी कधी येऊन उभा राहील, ही कल्पनाच ती बांधणाऱ्यांच्या मनात नव्हती. मेरियॉनेथच्या समित्यांमध्ये बसलेली माणसे स्वतःच शेजारी होती. वेल्श शिपायाचे वाडीचे नाव कोणी वरून बहाल केले नाही. दगड गावाच्या हातात होता म्हणून ते उमटले. आपल्या खेड्यांतील शिळा गावाच्या चावडीशी असूनही त्यांचा मजकूर सरकारी होता. वीरगळावर नाव नसे कारण गावाला ते ठाऊक असे. या शिळांवर नाव नाही त्याचे कारण तसे नाही.

मेरियॉनेथच्या शिळांवरील वाड्यांची नावे आता भाषेच्या इतिहासाचीही साधने झाली आहेत. ट्राउसव्हनिदच्या शेजारची काही शेते आणि घरे १९२० नंतरच्या दशकातच जलविद्युत केंद्रासाठी बांधलेल्या तलावाखाली गेली. बालाजवळचे कापेल केलिन हे गाव, त्याचे चॅपेल, शाळा, टपालकचेरी आणि वाड्या यांसह, १९६५ मध्ये लिव्हरपूल शहराच्या पाण्यासाठी बुडविण्यात आले. १९५७ च्या त्या विधेयकाला वेल्सच्या एकाही संसदसदस्याने पाठिंबा दिला नव्हता. तेथील काही थडग्यांचे दगड तलावाच्या काठी बांधलेल्या स्मृतिमंदिरापाशी हलविलेले आहेत. जेथे पाणी आले नाही तेथे वाड्या ओस पडल्या, किंवा बाहेरून आलेल्या मालकांनी त्यांना इंग्रजी नावे दिली. ज्या नावाने एकेकाळी जॉन जोन्स ओळखता येत असे, ते नाव नकाशावरून गेले तरी दगडावर राहिले; आणि पूर्वी वाडीवरून माणूस शोधला जाई, तेथे आता स्थलनामांचे अभ्यासक मृत सैनिकाच्या नावापुढे पाहून वाडी शोधीत आहेत.

अस्गुर्नचे घर २०१२ मध्ये राष्ट्रीय उद्यानाच्या प्राधिकरणाने विकत घेतले. तोवर कवीचा पुतण्या ते येणाऱ्याजाणाऱ्यासाठी उघडे ठेवीत असे.